आठ मे नव्हे, पाच ऑगस्ट

ता. मोताळा, जि. बुलढाणा
शनिवार, तीस नोव्हेंबर २०१९

काजलला यास्मीनचा सलाम.

तू पुण्यात मजेत असशील. इकडे अब्बांचा खोकला थोडा कमी आहे. अम्मीचे गुडघे थंडीत धरतात तसे धरलेत. सफाची सहामाही झाली, गणितात चांगले मार्क पडले. दिवाळीतल्या पावसाने झाडावरच्या कापसाच्या वाती झाल्या होत्या, त्या आता उन्हात वाळून काळ्या पडल्यात. लोक तरी वेचून राह्यले. दुसरं काय वेचणार?

वर तारखेत महिना अक्षरांत लिहिला आहे. मुद्दाम.

तुला वाटेल, या जमान्यात पत्र काऊन. फोनवर दोन गोष्टी होतात. एक तर तू हसतेस. तुझं हसू मी पहिलीपासून ऐकते आहे, त्यात वाईट काही नाही, पण सध्या मला ते ऐकवत नाही. दुसरं म्हणजे मी रडते, मग तू माझी समजूत काढतेस, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. कागदावर तुला मला थांबवता येणार नाही.

तू मेसेज केलास, 'ग्रामसभेत कंपनीचं पत्र वाचलं ना? आता मिटलं ना गं सगळं?' तर मिटलं का ते वाचून तूच ठरव. बरंचसं तुला माहीत आहे. पण तुझ्या टेबलावरून जेवढं दिसलं तेवढंच. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

जूनमध्ये तुझाच फोन आला होता. "बीएस्सी झालीस अन् घरी काऊन बसतेस वं? कपाशीवर बोंडअळी पाहायचं काम निघालं आहे, एक संस्था करते, त्यांचे आलेख आमची कंपनी काढते, मीच काढते, अर्ज टाक." मी टाकला. मोताळ्याच्या त्यांच्या ऑफिसात निवड झाली तेव्हा अम्मीने तुझ्या नावाने दुवा मागितली होती. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या गावांच्या पोरापोरींना संस्थेचे फोन मिळाले. माझा नंबर येईपर्यंत फोन संपले. समन्वयक साहेब म्हणाले, "तुझ्याकडे आहे ना फोन, त्यातच ॲप टाकून देतो." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

जुलैच्या मध्याला सापळे टांगले. काम तुला आलेखावर दिसतं, वावरात असं असतं. रोज सकाळी दवात पायजम्याचे पाय भिजवत आठ-दहा शेतांतून फिरायचं. प्रत्येक कामगंध सापळ्याची पिशवी सोडायची, रात्रीतून अडकलेले पतंग मोजायचे, मेलेले काढून टाकायचे. मग पऱ्हाटीची फुलं पाहायची. ज्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून राहतात, ती डोमकळी. तिच्या आत गुलाबी अळी बसलेली असते. हे सगळं तिथल्या तिथे फोनमध्ये भरायचं. लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात आठाच्या वर पतंग आले, की गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनवर आपोआप मेसेज जाणार: डोमकळ्या तोडा, फवारणी करा. सगळा प्रकल्प त्या एका मेसेजसाठी होता.

ऑगस्ट लागला आणि पतंग आले. ज्यांच्याकडे विहिरीचं पाणी होतं त्यांनी मे महिन्याच्या शेवटी लावलेली पऱ्हाटी फुलावर होती, तिथे आधी आले. आठ काय, दुप्पट. मी रोज भरून पाठवत होते आणि मेसेजची वाट पाहत होते. बकरी ईद बारा तारखेला होती. त्या दिवशीही मी आधी सापळे मोजून आले, मग नवे कपडे घातले. अब्बा म्हणाले, "आज तरी राहू देती." मी म्हटलं, पतंगाला ईद नसते.

मेसेज आला नाही. तेरा तारखेनंतर झड लागली, आणि पावसात पतंग सापळ्याकडे येत नाहीत. आकडे खाली गेले. अळी मात्र तोवर बोंडात शिरली होती.

तीस ऑगस्टला मोताळ्याला बैठक होती. बारा-पंधरा जण होतो. साहेबांनी भिंतीवर तुझा आलेख लावला. प्रत्येक गावाची एक रेघ. आपल्या गावाची रेघ जुलैत बरी चालली होती, मग ऑगस्ट सुरू होताच जमिनीवर पडली, मध्ये एका दिवशी एकटीच उंच उडाली, परत पडली, आणि तेरापासून उठून चालायला लागली.

साहेब म्हणाले, "यास्मीन, एक तारखेपासून बारापर्यंत कुठे होतीस?"

"शेतात, सर."

"मग नोंदी कुठे आहेत? आठ तारखेची तेवढी दिसते. मध्ये एक चक्कर मारून गेलीस वाटतं."

"सर, मी रोज पाठवलं."

"बारा तारखेला काय होतं?"

मी म्हटलं, "बकरी ईद होती."

"मग बरोबर," ते म्हणाले. "ईद झाली, मॅडम कामावर आल्या."

सगळे हसले. माझ्याबरोबर रोज ॲपवर बोलणारी पोरंही हसली. मी फोन उघडून पाठवलेल्या नोंदी दाखवल्या. ते म्हणाले, फोनमधली तारीख मागेपुढे करता येते, ते आम्हालाही समजतं. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. परत येताना जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. गाव आलं तरी मला समजलं नाही, ड्रायव्हरने हाक मारली.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला, आठवत असेल. तू म्हणालीस, काम फार आहे, पाहते. तू पंधरा दिवसांनी पाहिलंस. आणि तुझा फोन आला तो हसतच.

"अगं, तारखेचा फॉरमॅट," म्हणालीस. संस्थेच्या फोनमधून तारीख वर्षापासून सुरू होऊन येत होती, म्हणून बाकीच्यांचं नीट चाललं. माझ्या फोनमधून ०५/०८ असं जात होतं. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. तुमच्या सॉफ्टवेअरला आधी महिना वाचायची सवय. त्याने माझा पाच ऑगस्ट आठ मे केला. हंगाम जूनपासून दाखवायचा असं तू ठरवलं होतंस, म्हणून आठ मे पडद्यावरून गेला. सहा ऑगस्ट आठ जूनला जाऊन बसला, सात ऑगस्ट आठ जुलैला. सापळे टांगायच्या आधीच तिथे पतंग कसे उगवले, हे भिंतीसमोर बसलेल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. नऊ ऑगस्ट गेला आठ सप्टेंबरला, जो अजून यायचा होता. आठ तारीख तेवढी जागेवर राहिली, कारण आठ आठ उलटं केलं तरी आठ आठच. आणि तेरावा महिना नसतो, म्हणून तेरापासून तुमचं सॉफ्टवेअर गुपचूप सरळ वाचायला लागलं. आधीचं चुकलं असेल असं त्याला वाटलं नाही. त्याचं जाऊ दे, ते यंत्र आहे.

"आणि रिकाम्या दिवसांना शून्य धरलं होतं," हेही तू त्याच दमात सांगितलंस. "नाहीतर रेघ तुटते, दिसायला खराब दिसतं."

काजल, नोंद नाही म्हणजे माहीत नाही. शून्य म्हणजे पतंग नाही. रेघ चांगली दिसावी म्हणून तू आपल्या गावातली अळी शून्यावर आणून ठेवलीस. तुमच्या पडद्यावर गाव हिरव्या रंगात राहिलं. 'धोका कमी.' आणि मेसेज गेला नाही.

"फॉरमॅटच्या खिडकीत एक पर्याय बदलला गं, दहा मिनिटांचं काम," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू मला नव्या आलेखाचा फोटो पाठवलास. रेघ अखंड होती, ऑगस्टच्या सुरुवातीला डोंगरासारखी वर गेलेली. खाली तू हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलंस.

मी तो फोटो उराशी धरून वाट पाहत बसले. वाटलं, आता साहेबांचा फोन येईल. बैठकीतल्या पोरांना कळेल. गावात कोणीतरी सांगेल. कोणी काही सांगितलं नाही. आलेख दुरुस्त झाला, त्याच्यासोबत मी दुरुस्त झाले नाही. साहेबांचा फोन आला तो थेट ऑक्टोबरमध्ये. "जागा आहे, परत ये." मी विचारलं, "सर, माझी चूक नव्हती हे बैठकीत सांगाल?" ते म्हणाले, "आता जुनं उकरून कोणाचा काय फायदा?" मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. अम्मी आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तोवर गावात बोंडं फुटायला लागली होती. वरून हिरवंगार बोंड, उकललं की आत सडलेली सरकी आणि गुलाबी अळी. लोकांना राग कोणावर काढावा ते समजेना. बियाणं विकणाऱ्यावर काढला, तो म्हणाला अळी सगळीकडेच आहे. शेजारच्या गावात मात्र मेसेज वेळेवर गेला होता, तिथे नुकसान कमी होतं. मग आपल्या गावात का नाही आला? दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक जण उठून म्हणाला, "मोजणारी पोरगी ईदसाठी घरी बसली. तिच्या ईदपायी आपला कापूस गेला."

कोण म्हणालं ते पुढे लिहिते.

त्यानंतर काय काय झालं ते तुला पुण्यातून दिसलं नसेल, ते कुठल्या आलेखात येत नाही. दिवाळीच्या आधी अब्बांकडे गाद्या पिंजायला येतात, तुला माहीत आहे, ओट्यावर कापसाचा ढीग असतो आणि सगळ्या घरात तंतू उडतात. यंदा आपल्या गावातल्या एकाही घरातून गादी आली नाही. अब्बा रोज सकाळी ओटा झाडून, पिंजायचं यंत्र पुसून बसायचे. दुपारी उठून आत यायचे. सफाला वर्गातल्या पोरीने म्हटलं, "तुझ्या बहिनीनं आमचा कापूस खाल्ला." सफाने तिच्या दोन्ही वेण्या ओढल्या. शाळेत मलाच बोलावलं. मास्तरांनी खुर्ची दिली, पण पाणी विचारलं नाही.

आणि मला तुझ्या आईवडिलांच्या घरावरून रोज पाण्याला जावं लागतं. पूर्वी काकू हाक मारायच्या, "यास्मीन, चहा घेऊन जाय." आता मला पाहिलं की पुष्पाकाकू आत जायच्या. मला वाटायचं त्यांचाही विश्वास बसला. ते मला फार लागलं होतं. इतरांचं चालून गेलं असतं.

आता लिहूनच टाकते. ग्रामसभेत ते बोलणारे तुझे पप्पा होते. पंजाबरावकाका. ज्यांच्या सायकलवर पुढे तू आणि मागे मी बसून मोताळ्याच्या बाजारात गेलो आहोत.

हे तुला नवीन नाही. मी त्याच संध्याकाळी तुला कळवलं होतं. चूक तुमच्याकडची, हे तुला तेव्हा माहीत होतं. एक फोन लावून "पप्पा, तसं नाही" एवढं म्हणायचं होतं. तुझं उत्तर आलं, 'पप्पांचं मनावर घेऊ नको गं, त्यांचा कापूस गेला आहे.' मी ते वाचलं आणि समजून घेतलं. खरंच घेतलं. मला वाटलं, तू पप्पांशी बोलली असशील, त्यांनी ऐकलं नसेल. त्यांचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. मी तुझ्या बाजूने विचार करत होते, काजल. महिनाभर.

मग मी तुझ्यामागे लागले की कंपनीकडून गावाला लेखी कळवा. तू कुरकुरत तयार झालीस. मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत पत्र आलं. मंगळवारी पीकनुकसानीसाठी विशेष ग्रामसभा होती, शाळेच्या व्हरांड्यात. बायका एका बाजूला भिंतीशी बसल्या होत्या. मी अम्मीला घेऊन गेले. नळाच्या विषयानंतर ग्रामसेवकांनी तुझं पत्र वाचलं. मला पाठ झालं आहे: 'तांत्रिक कारणास्तव काही नोंदींच्या तारखा आलेखावर अन्यत्र दर्शविल्या गेल्या. सदर बाब दुरुस्त करण्यात आली आहे.'

दोन वाक्यं. दोन्हींत माणूसच नाही. दर्शविल्या गेल्या. करण्यात आली. कोणी दर्शविल्या? कोणाच्या नोंदी? यास्मीन हे नाव लिहायला किती जागा लागली असती?

कोणाला काही समजलं नाही. म्हातारे उकंडराव म्हणाले, "म्हंजे काय झालं बे नेमकं?" ग्रामसेवकांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं.

मग मी उभी राहिले. मी सांगितलं, मी पाच ऑगस्ट पाठवला, मशीनने आठ मे वाचला. दिवसाच्या जागी महिना, महिन्याच्या जागी दिवस. उकंडराव म्हणाले, "म्हंजे पत्रिका उलटी वाचली, अन् वऱ्हाड लग्नाच्या तीन महिने आधीच येऊन गेलं." लोक हसले. त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण मला त्या हसण्याचाही राग आला. माझं सगळं गेलं होतं आणि ते हसण्यासारखं सोपं होतं.

तुझे पप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, "हे आता सांगून राह्यले. कंपनीत तिची मैत्रीन हाय, माह्यीच पोरगी. लेटर लिहून आनायले काय लागते? तवा तं घरीच होती ना."

मी काही बोलणार तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. "नव्हती."

पुष्पाकाकू उभ्या होत्या. पदर डोक्यावरून दातात धरलेला, तो त्यांनी सोडला.

"घरी नव्हती थे. नागपंचमीले मी वारुळाले दूध घेऊन गेल्ती, तवा हे पोरगी आपल्या वावरात सापळा उघडून बसेल होती. मले म्हने, काकू, हे फूल पाहा, पाकळ्या मिटेल हायेत, आत अळी हाय. मी सोता उकलून पाह्यलं. घरी येऊन तुमाले सांगतलं. तुमी म्हनले, मोबाईलवर मेसेज येऊ दे, मंग पाहू."

नागपंचमी पाच ऑगस्टला होती, काजल.

तुझे पप्पा म्हणाले, "खाली बस." काकू बसल्या नाहीत. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, सगळ्यांना कान द्यावे लागत होते.

"अन् आनखीन एक सांगते. काजलले सप्टेंबरातच माहीत झालं होतं. तिनं मले फोन केल्ता. म्हने, आई, चूक आमच्या इकडची हाय, यास्मीन रोज जात होती. पन पप्पाले सांगू नको, त्यायचा जीव त्या पऱ्हाटीत होता, त्यायले कोनावर तरी राग काढू दे. मी नाही सांगतलं. दोन तारखेले हे उठून बोलले तवा मी इथंच बसेल होती. तवा बी नाही सांगतलं. या पोरीले तोंड दाखवायची लाज वाटे म्हनून घरात पये."

म्हणून त्या मला पाहून आत जायच्या. आणि मी समजत होते त्यांना माझी शिसारी आली आहे.

हे पत्र मी चार दिवस लिहिलं नाही, कारण हातात पेन घेतलं की या जागेवर येऊन थांबत होते. सॉफ्टवेअरचं मी सोडून दिलं असतं. कामात चूक होते, मीही मोजताना चुकले असेन. पंधरा दिवस पाहिलं नाहीस तेही सोडलं असतं. हसलीस तेही. पण 'कोणावर तरी' म्हणजे मी, हे तुला माहीत होतं. अब्बांचा रिकामा ओटा, सफा, अम्मी, हे सगळं त्या 'कोणावर तरी'त होतं. आपल्या बापाचा राग कुठेतरी निघाला पाहिजे, तर तो निघायला सोपी जागा कोणती, हे तू बरोबर ओळखलंस. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत, तुझ्या चुलत भावाच्या, म्हणजे माणिकरावांच्या पोराच्या बाबतीत, तू असं म्हटलं असतंस का? तो महिनाभर घरी बसला असता तरी त्याला कोणी सण विचारला नसता. मला एक ईद विचारली आणि सगळ्यांचं समाधान झालं. साहेबांचं झालं, गावाचं झालं, तुझ्या पप्पांचं झालं. तुला खरं माहीत होतं, आणि तुझंही झालं.

आपण दोघी एका ताटात जेवलो, असं लोक बोलतात तसं मी लिहिणार नाही. एका ताटात कोणीही जेवतं. मला वाटायचं, तुझ्यासमोर मी वेगळी नाही. ते माझं वाटणं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. तुझे पप्पा त्या दिवशी खांद्यावरचा दुपट्टा झटकून निघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, अजूनही पाहत नाहीत. ग्रामसेवकांनी पुढचा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव डोक्यावर गादी घेऊन ओट्यावर आले. "गनीभाई, पिंजून द्या, लेकीच्या घरी द्यायची हाय." त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. अब्बांनी त्यांना चहा दिला. मी दिला नसता. अब्बा मला आत येऊन म्हणाले, "बेटा, गादी आली, त्यातच समज." मी समजले, पण माझा राग गेला नाही. जाऊ द्यायची मला घाईही नाही.

संस्थेच्या साहेबांपर्यंत ग्रामसभेची बातमी गेली. त्यांचा परत फोन आला. मी सोमवारपासून जाते आहे. कोणाला माफ केलं म्हणून जात नाही, ते काम मला येतं आणि आवडतं म्हणून जाते आहे. अट घातली आहे की फोन संस्थेचा पाहिजे, आणि पहिल्या बैठकीत त्यांनी त्याच भिंतीसमोर उभं राहून सांगायचं की एक ते बारा ऑगस्ट मी शेतात होते. ते हो म्हणाले. नाही सांगितलं तर मी सांगेन. आता मला उभं राहता येतं. आणि तुझ्या त्या आलेखात अजून कोणाचे रिकामे दिवस शून्य धरले असतील तर ते काढ. रेघ तुटलेली दिसू दे. खराब दिसली तर दिसू दे.

आता तुझ्या घरचं. पप्पा काकूंशी बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात, सरकवतात आणि उठतात. काकू दुपारी आमच्याकडे येऊन बसतात. पहिल्या दिवशी दारातच घुटमळल्या. अम्मी म्हणाली, "पुष्पा, भीतर ये, थंडी हाय." दोघी जुन्या कापसातली सरकी निवडत बसतात. मला अजून त्यांच्याशी नीट बोलता येत नाही, पण मी चहा करते.

काल त्या बसल्या असताना त्यांच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. तुझं नाव होतं. वाजून बंद झाला, परत वाजला. मी म्हटलं, "काकू, उचला ना, काजल आहे."

त्या सरकी निवडत राहिल्या. फोन तिसऱ्यांदा वाजून थांबला, तेव्हा मला म्हणाल्या, "तू तिले पत्र लिहून राह्यली ना? त्यात लिहून दे, आईले आता फोनवर ऐकू येत नाही."

ऐकू त्यांना चांगलं येतं.

पत्राखाली 'तुझी' लिहायची रीत आहे. ते तू गावात आल्यावर पाहू.

यास्मीन